समुद्र बंद आहे

२००५ सालच्या जून महिन्यात मी मुलीकडे बॉस्टनला होते. माझी ती पहिलीच अमेरिकावारी. मी मूळची मालवणकडची आणि नोकरीची सगळी वर्षे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेले. त्यामुळे संग्रहालये आणि मॉल यांच्यापेक्षा मला तिथला समुद्र पाहायचा होता आणि खरे सांगायचे तर तिथले शिंपले खायचे होते. बॉस्टनच्या उत्तरेला इप्सविच नावाचे गाव आहे. तिथल्या चिखलातून काढलेले मऊ कवचाचे शिंपले पिठात घोळवून तळतात आणि ते खायला लोक लांबून गाड्या घेऊन येतात, असे मुलीने सांगून ठेवले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी पुरती लागली होती. चिखलाचे पट्टे लांबवर उघडे पडले होते. आमच्याकडे अशी सुकती मिळाली असती तर पाटी-कोयती घेऊन निम्मा गाव खाडीत उतरला असता. इथे चिटपाखरू नव्हते. खाली उतरायच्या वाटेवर एका खांबाला सूचनेचा फलक ठोकलेला होता. रेड टाइडमुळे या भागातले शिंपले काढायला मनाई आहे, असा त्याचा मजकूर. मुलगी हसत म्हणाली, "आई, तुझं नशीबच बघ. समुद्र बंद आहे!"

मी पाण्याकडे पाहिले. ते लाल नव्हते. निळसर, थंड आणि स्वच्छ होते. कुठे मेलेला मासा दिसत नव्हता की वास येत नव्हता.

दर्या बंद असणे आपल्याला नवे नाही. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढायच्या, त्या झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. सरकारी मासेमारीबंदीही त्याच सुमाराची. पण आपला हा बंद दर्या डोळ्यांना दिसतो. जूनमधल्या लाटा पाहिल्या की कोणी फलक लावायची गरज पडत नाही. इप्सविचला मात्र अगदी शांत, निर्मळ पाण्यावर बंदी होती. ती कोणी घातली, कशाच्या आधारावर घातली आणि ज्यांचे पोट त्या चिखलावर आहे त्यांनी ती का पाळली, हे प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहेत. जमेल तसे त्यावर वाचत आले. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

लाल नसलेली लाट

'रेड टाइड' हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. त्याचा भरती-ओहोटीशी संबंध नाही आणि बहुतेक वेळा लाल रंगाशीही नाही. समुद्राच्या पाण्यात सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या एकपेशीय वनस्पतीसारख्या जीवांच्या हजारो जाती असतात. अन्न, ऊन आणि तापमान यांचा मेळ जमला की त्यांतली एखादी जात झपाट्याने वाढते. याला शास्त्रज्ञ 'बहर' म्हणतात. बहुतेक बहर निरुपद्रवी असतात, किंबहुना समुद्रातली सगळी अन्नसाखळी त्यांच्यावरच उभी असते. थोड्याच जाती विष तयार करतात.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची अशी जात म्हणजे अलेक्झांड्रियम. आकाराने केसाच्या जाडीपेक्षा लहान, दोन चाबकांसारख्या तंतूंनी पोहणारी एकच पेशी. ती सॅक्सिटॉक्सिन आणि त्याच्या कुळातली विषे तयार करते. शिंपला आपले अन्न पाणी गाळून मिळवतो. एक मोठा शिनाणा तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळतो. पाण्यातल्या पेशी त्याच्या पोटात जातात आणि विष त्याच्या मांसात साठत राहते. शिंपल्याला त्याचा बहुधा फारसा त्रास होत नाही. तो जिवंत असतो, टवटवीत असतो आणि चवीलाही नेहमीसारखाच लागतो.

पाण्याचा रंग बदलायला लिटरमागे लाखो पेशी लागतात. अलेक्झांड्रियमच्या बाबतीत लिटरमागे काही शे ते हजारभर पेशी असल्या, तरी शिंपले खाण्यालायक राहत नाहीत. म्हणजे पाणी आरशासारखे स्वच्छ असताना शिंपला विषारी असू शकतो.

याच्या उलटही घडते. मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर २०२० सालच्या नोव्हेंबरात रात्रीच्या लाटा निळ्या उजळल्या आणि लोक ते पाहायला धावले. कोकणातही असा उजेड अधूनमधून दिसतो. तो नॉक्टिल्युका या जीवाचा. त्याचा बहर दाट झाला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊन आणि अमोनिया वाढून मासे मरू शकतात. पण शिंपल्यांत साठून माणसाला लुळे करणारे ते विष तो तयार करत नाही. थोडक्यात, डोळ्यांना भरणारा बहर वेगळा आणि जिवावर उठणारा वेगळा असू शकतो.

सॅक्सिटॉक्सिन शरीरात काय करते, तेही सांगायला हवे. मज्जातंतूंतून संदेश पुढे सरकतो तो पेशीच्या आवरणातली सोडियमची दारे उघडल्यामुळे. सॅक्सिटॉक्सिनचा रेणू या दाराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. दार उघडत नाही, संदेश अडतो. आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, मग बोटे. बोलताना जीभ अडखळते, अंग तरंगल्यासारखे वाटते. विष जास्त गेले असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात, आणि माणूस बहुधा अखेरपर्यंत शुद्धीवर असतो. यावर उतारा नाही. कृत्रिम श्वास देऊन वेळ काढणे हाच उपाय. पहिला दिवस निभावला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. शिजवल्याने, तळल्याने, लिंबू पिळल्याने हे विष नाहीसे होत नाही. ते इतके प्रभावी आहे की १९६० साली सोव्हिएत संघावर पाडलेल्या यू-टू हेरविमानाच्या वैमानिकाजवळ याच विषाची सुई होती, आणि आज रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच यादीत त्याचे नाव आहे.

न्याहारी, उंदीर आणि ऐंशीचा आकडा

समुद्र बंद करण्याची गरज माणसाला कळली ती मृत्यूंतूनच. १७९३ सालच्या जूनमध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांची माणसे आजच्या कॅनडाचा पश्चिम किनारा होड्यांतून मोजत होती. १५ जूनच्या सकाळी एका तुकडीने न्याहारीला तिथलेच शिनाणे खाल्ले. काही वेळात चौघांचे हातपाय बधिर झाले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दुपारी मेला. व्हँकुव्हर यांनी त्या जागेला पॉयझन कोव्ह, म्हणजे विषाची खाडी, असे नाव दिले आणि कार्टरला जिथे पुरले त्या उपसागराला कार्टरचे. नकाशावर ती नावे आजही आहेत. एका अर्थाने नकाशावरचे ते नाव हाच तिथला पहिला लेखी फलक.

त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे नवे नव्हते. कॅलिफोर्नियातले किनाऱ्यालगतचे मूळ रहिवासी रात्री लाटा चमकू लागल्या की शिनाणे वर्ज्य करीत, अशी नोंद विसाव्या शतकात झालेली आहे. तिथला विषारी बहर रात्री खरोखरच चमकतो, त्यामुळे त्यांचे निरीक्षण अर्थपूर्ण होते. पण विष यायला पाणी चमकण्याइतका दाट बहर लागत नाही. चमक दिसली तर शिंपले टाळावेत हे ठीक, मात्र चमक नाही म्हणून ते खायला हरकत नाही, असे म्हणता येत नाही.

१९२७ सालच्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिनाणे खाऊन १०२ माणसे आजारी पडली आणि सहा मेली. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कार्ल मेयर आणि हर्मन सॉमर यांनी त्याचा पाठपुरावा सुरू केला. काही वर्षांच्या कामातून त्यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, विष शिनाण्याचे स्वतःचे नाही, पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचे आहे. दुसरी, ते मोजता येते. शिनाण्याचे मांस आम्लात उकळून त्याचा अर्क काढायचा, साधारण २० ग्रॅम वजनाच्या उंदराला त्यातला एक मिलिलिटर टोचायचा आणि घड्याळ लावून बसायचे. उंदीर जितक्या लवकर मरेल तितके विष जास्त.

क्रूर वाटणारी ही चाचणी पुढे कित्येक दशके जगभरच्या किनाऱ्यांवर रोज होत राहिली. आता बऱ्याच ठिकाणी उंदरांच्या जागी रसायनशास्त्राची यंत्रे आली आहेत. आकडा मात्र तोच राहिला : १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम विष. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ही रेषा गाठली की तो किनारा बंद.

कॅलिफोर्नियाने दुसरा, पंचांगाचा मार्गही धरला. तिथे दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात स्वतः खाण्यासाठी शिनाणे काढायला सरसकट बंदी असते. युरोप-अमेरिकेतही जुना लोकनियम होता की ज्या इंग्रजी महिन्यांच्या नावात 'आर' हे अक्षर नाही, त्या मे ते ऑगस्ट या महिन्यांत कालवं खाऊ नयेत. आपल्या श्रावणाच्या नियमांसारखाच हाही नियम. सोपा, लक्षात राहणारा आणि बऱ्याच वेळा उपयोगी पडणारा.

पण १९७२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्राने हा नियम मोडला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅरी नावाचे वादळ येऊन गेले. त्यापाठोपाठ त्या राज्याच्या किनाऱ्यावर हे विष पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर आले. महिना 'आर' असलेला होता. तीसेक लोक आजारी पडले. राज्याने शिंपल्यांचा व्यवहारच थांबवला. सुदैवाने कोणी दगावले नाही, पण घबराट अशी पसरली की ज्यांचा या विषाशी काही संबंध नव्हता त्या माशांकडेही गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली.

चिखलात झोपलेले बी

१९७२चा बहर ओसरला, पण गेला नाही. अलेक्झांड्रियमला दिवस वाईट आले की दोन पेशींचे मीलन होऊन एक जाड आवरणाची बीजपेशी तयार होते. ती तळाच्या चिखलात जाऊन पडते. तिथे ती कित्येक वर्षे निजून राहू शकते. वसंतात पाणी तापू लागले की काही बिया फुटतात आणि नवे जीव वर पोहत येतात. तणाचे बी एकदा मळ्यात पडले की दरवर्षी उगवत राहते, तसेच हे. वादळाने १९७२ साली दक्षिणेकडे आणलेले हे बी तिथेच रुजले आणि पुढच्या काळात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला शिंपल्यांतल्या विषाचा सामना पुन्हापुन्हा करावा लागला.

२००४ सालच्या शरदात वुड्स होल इथल्या सागरविज्ञान संस्थेतल्या डोनाल्ड अँडरसन यांच्या गटाने मेनच्या आखाताच्या तळातला चिखल काढून बिया मोजल्या. त्या नेहमीपेक्षा फार जास्त भरल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ पुष्कळ पडले, वसंतात पाऊस झाला आणि नद्यांचे गोडे पाणी समुद्रात लोटले. मे महिन्यात ईशान्येकडून दोन वादळे आली. ईशान्येचा वारा तिथे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि त्यासोबत बहरही. मेच्या मध्यापासून एकेक किनारा बंद होत गेला. ९ जूनला राज्याचे गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आणीबाणी जाहीर केली. पुढच्याच आठवड्यात किनाऱ्यापासून दूरचे, केंद्र सरकारच्या अखत्यारीतले पाणीही बंद झाले. १९७२नंतरचा हा सर्वांत मोठा बहर. मी इप्सविचला गेले ते नेमक्या याच दिवसांत.

तरीही बाजारातून विकत घेतलेल्या शिंपल्यांनी कोणाला विषबाधा झाल्याची नोंद त्या वर्षी नाही. १९७२ आणि २००५ या दोन सालांमध्ये समुद्र बदलला नव्हता. फरक पडला होता तो मोजण्याच्या व्यवस्थेत.

फलक लागतो कसा

ही व्यवस्था ऐकायला अगदी साधी आहे. किनाऱ्यावर ठरावीक ठाणी नेमलेली असतात. थंडी सरली की दर आठवड्याला तिथून शिंपले गोळा करायचे. शिनाण्यांवर नजर आधी, कारण ते विष सर्वांत लवकर साठवतात आणि विष ओसरल्यावर बहुधा काही आठवड्यांत स्वच्छही होतात. ते प्रयोगशाळेत जातात. आकडा चढू लागला की ठाणी वाढवायची, नमुने जास्त वेळा घ्यायचे आणि ऐंशी गाठायची वाट न पाहता बंदी घालायची. उघडताना मात्र घाई नाही. एकदा आकडा खाली आला म्हणून भागत नाही, लागोपाठचे नमुने निर्धोक यावे लागतात.

बंदी सगळ्या समुद्रावर नसते, सगळ्या जातींवरही नसते. या दीपगृहापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि त्या पाण्यातल्या अमुक जाती बंद करायच्या. स्कॅलॉप या शिंपल्याचा फक्त स्नायू खाल्ला तर तो सहसा चालतो, कारण विष त्याच्या इतर अवयवांत साठते. माशाच्या मांसात ते जमत नाही. उलट पॅसिफिक किनाऱ्यावरचा बटर क्लॅम ते दोन-दोन वर्षे धरून ठेवतो. सॅक्सिटॉक्सिनचे नाव याच शिंपल्याच्या शास्त्रीय नावावरून, सॅक्सिडोमसवरून आले आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये चिखलपट्ट्यांची देखरेख गावांकडे असते आणि अनेक गावांत त्यासाठी 'शेलफिश कॉन्स्टेबल' असतो. शिंपल्यांचा कोतवालच म्हणा ना. फलक लावायचे, ओहोटीला फेरी मारायची, बंदी मोडणाऱ्याला पकडायचे, हे त्याचे काम. शिवाय प्रत्येक पोत्याला एक चिठ्ठी बांधणे सक्तीचे असते : कोणी काढले, कुठून काढले, कोणत्या तारखेला. विकणाऱ्याने ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची. ही पद्धत रेड टाइडमुळे आलेली नाही. १९२४ सालच्या हिवाळ्यात दूषित कालवांतून विषमज्वराची साथ पसरली, त्यानंतर १९२५ साली जो राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला त्यातली ती आहे.

त्या दिवशी आम्ही शेवटी एका टपरीवजा खानावळीत गेलो. फळ्यावर लिहिले होते की आज शिंपले आहेत, पण इथले नाहीत. मी कुतूहलाने विचारले तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्यांमधली एक काढून माझ्यासमोर धरली. माल मेरिलंडचा, चार दिवसांपूर्वी काढलेला. काढणाऱ्याचा परवाना क्रमांकसुद्धा त्यावर होता. मी जन्मभर शिंपले खात आले, पण शिंपल्याची जन्मपत्रिका तोवर पाहिली नव्हती.

ही व्यवस्था चुकतच नाही असे नाही. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिनाणे खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तिघे मेले आणि काहींची स्मृती कायमची गेली. उंदीर या वेळी नेहमीसारखे मरत नव्हते, विचित्रपणे अंग खाजवत होते. शोध घेतल्यावर डोमोइक आम्ल हे वेगळेच विष सापडले आणि तेव्हापासून त्याचीही तपासणी सुरू झाली. २००७ साली मेन राज्यात समुद्रात तरंगणाऱ्या एका पिंपाला चिकटलेले शिनाणे खाऊन चौघे आजारी पडले. किनाऱ्यावर रेघ ओढता येते, वाहत आलेल्या पिंपावर कोण ओढणार?

पाळणाऱ्याची किंमत

खानावळीबाहेरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ कॉफी पीत बसले होते. बोलता बोलता कळले की ते चिखलातून शिंपले काढणारे. वडिलांचाही तोच धंदा. तीन आठवडे झाले, दाताळे पडवीत टेकून ठेवले होते. एका ओळखीच्याचे घर रंगवायचे काम मिळाले म्हणून बरे, असे म्हणाले. रोज सकाळी राज्याच्या दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित सूचना ऐकायची आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा, असा दिनक्रम झाला होता. सवलतीच्या कर्जाची बातमी त्यांच्या कानावर आली होती. पण ज्याचे उत्पन्न थांबले आहे त्याने कर्ज घेऊन फेडायचे कशातून, असा त्यांचा सवाल होता.

मी विचारले, तुम्ही कधी या विषाने आजारी पडलेला माणूस पाहिला आहे का? नाही, म्हणाले. मग रात्री कोणी चोरून खणत नाही? थोडे थांबून त्यांनी सांगितले ते असे : एक वाईट पोते बाजारात गेले, तर वर्षभर इप्सविचचे नाव कोणी घेणार नाही. त्यामुळे इथे कोतवालाच्या आधी शेजारीच लक्ष ठेवतो. तक्रारी त्यांच्याकडेही होत्याच. निकाल उशिरा येतात, शेजारच्या खाडीत पाणी तेच असताना ती आधी उघडते, असे बरेच काही. पण ऐंशीचा आकडा खोटा आहे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्या हंगामाचा हिशेब मांडला. मॅसॅच्युसेट्समधल्या शिंपला व्यवसायाचे नुकसान १ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत, मेनचे किमान २४ लाख डॉलर. हा आकडा कोणालाही मोजता येतो. बंदीमुळे किती माणसे मेली नाहीत, हे मात्र कधीच मोजता येत नाही. समुद्र बंद करण्यातली खरी अडचण ही आहे. ती यशस्वी झाली की काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही म्हणजे बंदीची गरज नव्हती, असे म्हणणारे निघतातच. लाभ अनोळखी खवय्यांना मिळतो, भुर्दंड चिखलात उतरणाऱ्याला बसतो.

त्याच २००५ साली 'नेचर'मध्ये मोनिका ब्रिसेल्ज आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. मऊ कवचाच्या या शिंपल्यांत, जिथे विषारी बहर वारंवार येतात त्या भागातल्या अनेकांच्या सोडियमच्या दारात एक छोटा आनुवंशिक बदल आढळला. त्यामुळे विषाचे बूच तिथे नीट बसत नाही. असे शिंपले विषातही खुशाल जगतात, खात राहतात आणि इतरांपेक्षा कितीतरी जास्त विष साठवतात. विषाला बळी पडणारे मरतात, पचवणारे वाढतात. म्हणजे बहराच्या काळात चिखलात जो धडधाकट दिसतो, तोच खाणाऱ्याला जास्त घातक असू शकतो. 'जिवंत आहे ना, मग चांगला आहे' ही आमच्या आत्याची कसोटी होती. टोपलीतल्या तिसऱ्यांवर ती बोट आपटायची, तोंड मिटले की घ्यायची. मेलेली तिसरी ओळखायला ही कसोटी उत्तम आहे. या विषापुढे ती लुळी पडते.

आपल्या खाडीवर

हे सगळे दूर अमेरिकेतले, असे म्हणून मला सुटता आले नाही. १९८३ सालच्या एप्रिलमध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतले शिंपले खाऊन अनेक लोक रुग्णालयात गेले आणि एक मुलगा मेला. विष हेच, पक्षाघात घडवणारे. कुंबळे म्हणजे गोव्याच्या खाली, आपल्याच किनाऱ्यावर. १९९७ सालच्या सप्टेंबरात केरळातल्या विळिंजम इथे शिनाणे खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. या दोन्ही ठिकाणी समुद्र बंद झाला नव्हता. धोका कळला तो माणसे पडल्यावर.

आपल्याकडे अभ्यास नाही, असे नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांनी बहरांवर दीर्घकाळ काम केले आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने बहरांची माहिती देते. पण उपग्रह पाहतो तो पाण्याचा रंग, आणि ज्या बहराला रंगच नाही त्याच्यासाठी कोणीतरी खाडीत उतरून, मूठभर शिंपले पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेण्याला पर्याय नाही. परदेशी पाठवायच्या शिंपल्यांना विषांच्या तपासण्यांतून जावे लागते. खाडीवरून थेट आठवड्याच्या बाजारात येणाऱ्या वाट्यांना मी तरी कधी अशी चिठ्ठी पाहिलेली नाही.

कोणाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मी आजही तिसऱ्या खाते. एकशिपी करावी ती मीच, असे घरचे म्हणतात. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी उद्याच फलक लागावेत, असेही माझे म्हणणे नाही. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचे त्या दिवसाचे पोट त्या दिवसाच्या ओहोटीवर असते. त्यांना 'खाडी बंद' म्हणणाऱ्याने आधी आकडा दाखवला पाहिजे आणि बंद दिवसांची चूल कशी पेटेल, हेही सांगितले पाहिजे. नुसता फलक कोणी मानणार नाही आणि मानूही नये. इप्सविचच्या त्या गृहस्थांनी फलक मानला, कारण त्यामागे प्रत्येक आठवड्याचे मोजमाप होते आणि ते मोजमाप त्यांच्या गावाचे नाव राखत होते. कर्जाबद्दलचा त्यांचा सवाल मात्र तिथेही अनुत्तरितच होता, हे विसरून चालणार नाही.

गेल्या मार्गशीर्षाआधी मालवणच्या बाजारात गेले होते. नेहमीच्या बाईकडे तिसऱ्यांचे वाटे मांडलेले होते. मी विचारले, "कुठल्या गो ह्यो?" ती हसली. "बाय, खाडीतल्यो. आनी खंयच्यो आसतल्यो?" मी विचारले, कुठल्या खाडीतल्या, कधी काढल्या? तिने हातातली तिसरी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिले. इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारले नसावे. मग तिने सांगितले. खाडीचे नाव, कोणत्या बाजूचा पट्टा, पहाटेची सुकती किती वाजता लागली, सोबत कोण कोण होत्या, सगळे. खिळ्याला अडकवलेल्या त्या चिठ्ठीवर जे होते ते सगळे तिला तोंडपाठ होते. लिहून घेणारे मात्र कोणी नव्हते.

मी दोन वाटे घेतले आणि घरी आल्यावर तिने सांगितलेले वहीत उतरवून ठेवले, तारखेसह.